डोंगरावर कॉसमॉस पेरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत घाटरस्त्याच्या कडेला फुललेल्या नारिंगी-पिवळ्या फुलांचं अर्धपानी छायाचित्र आलं. 'सोनकीने सह्याद्री सजला' अशी ओळ खाली होती. छायाचित्र झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात सोनकीचं एकही फूल नाही. ते सगळं कॉसमॉस आहे. मूळचं मेक्सिकोकडचं, बागेसाठी आणलेलं आणि आता बागेत न राहिलेलं.

मी या डोंगरात रोपवाटिका चालवतो. रोपं विकून माझं घर चालतं, त्यामुळे बागेच्या फुलांशी माझं वैर असण्याचं कारण नाही. उलट कॉसमॉसइतकं बिनतक्रार फूल शोधून सापडणार नाही. मुठीने बी फेकावं आणि विसरून जावं. खत नको, पाणी नको, रोग नाही. बंगलेवाल्यांना, हॉटेलवाल्यांना आणि रस्ता सुशोभित करायला निघालेल्या मंडळींना ते म्हणूनच आवडतं. या गुणांचंच डोंगरात दुखणं झालंय, आणि ते मुळापासून सांगावं म्हणून हे पत्र थोडं लांबणार आहे.

आधी ओळख. सोनकी आपली, सह्याद्रीची. गणपती उरकले की उतारांवर, गडांच्या तटांत ती फुलते. उंची बेताची, बहुधा गुडघ्याच्या खालीच. फूल लहान आणि स्वच्छ पिवळं. कॉसमॉस कमरेपर्यंत सहज जातं, जागा चांगली मिळाली तर माणसाच्या डोक्यावरही. पान झेंडूसारखं चिरलेलं, फूल मोठं, पाकळीचं टोक दातेरी, रंग पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत. पक्की खूण बियांत आहे. कॉसमॉसचं बी काळपट, लांबट असतं आणि त्याच्या टोकाला उलट्या काट्यांच्या बारीक शेपट्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या फुलांत बसून फोटो काढा आणि घरी जाऊन पायजम्याचे पाय बघा. बी तुमच्याबरोबर आलेलं असेल. म्हशीच्या अंगाला, कुत्र्याच्या केसाला ते असंच चिकटतं आणि सड्यावर जाऊन उतरतं. पावसाळी गटारातून खाली जातं ते वेगळंच.

आता सडा म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. जूनपासून चार महिने त्यावर पाणी उभं. मार्चमध्ये अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाच्या माऱ्याने मातीतला कस वाहून जातो, नत्र तर नावालाच उरतं. शेतकऱ्याच्या लेखी ही नापीक जमीन. सरकारी कागदावर पडीक. आणि नेमकं हेच नापीकपण इथल्या वनस्पतींना मानवतं. जिथे मोठं झाड, उंच गवत, दांडगं तण तग धरू शकत नाही, तिथेच बोटभर उंचीच्या नाजूक गोष्टींना ऊन मिळतं.

सीतेची आसवं घ्या. निळीजांभळी इवली फुलं, वर पाहिलं तर साधी भोळी वाटतात. जमिनीखाली त्यांच्या मुळांसारख्या धाग्यांना टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला की क्षणार्धात आत ओढला जातो. मातीत नत्र नाही, म्हणून ही तजवीज. दवबिंदू नावाची वनस्पती चिकट केसांनी किडा धरते, तीही त्याच कारणाने. गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याचा गुलाबी गालिचा, आभाळी, कवला (पर्यटक ज्याला मिकी माऊस म्हणतात त्याचा हा भाऊबंद) या सगळ्यांचा संसार काही इंचांच्या उंचीत आणि अडीच-तीन महिन्यांत उरकतो. फुलायचं, बी धरायचं आणि कातळ तापायच्या आत संपायचं. वायतुरा तर सड्यावरच्या उथळ डबक्यांतच येतो. खाली कंद आणि वर दोन फाटे फुटलेला तुरा. शास्त्रज्ञांनी त्याला साताऱ्याच्या नावावरून 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' असं नाव दिलं ते १९८०च्या दशकात, म्हणजे अगदी काल-परवा. उत्तर सह्याद्रीतले मोजके सडे सोडले तर तो जगात कुठेही नाही.

अशा ठिकाणी कमरेएवढं कॉसमॉस आलं की काय होतं ते समजायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. सावली पडते. सीतेच्या आसवांना सावलीत जगायची सवयच नाही. कॉसमॉस वाळलं की त्याचा पाचोळा जागेवर कुजतो, थराला थर चढतो आणि पुढच्या वर्षी तिथे आणखी दांडगं काहीतरी येतं. अजून तरी कॉसमॉसचा मुख्य जोर रस्त्यांच्या कडा, खणलेल्या जागा, पडीक शेतं आणि बंगल्यांच्या कुंपणांभोवती आहे. शुद्ध कातळावर त्याला मुळं धरणं जड जातं. पण सड्यावर घर बांधणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? चार डंपर लाल माती आणि दोन ट्रॉली शेणखत आणून ओततो, म्हणजे हिरवळ येईल. सड्याचं सगळं संरक्षण त्याच्या कसदार नसण्यात होतं आणि तेच आपण शेणखत घालून घालवतो. त्या मातीबरोबर कुठकुठल्या तणांचं बी येतं ते निराळंच.

लोक म्हणतात, एका फुलाचा एवढा काय बाऊ? मी त्यांना घाणेरी दाखवतो. टणटणी म्हणा, नाव काहीही घ्या. तीसुद्धा शोभेचं झुडूप म्हणूनच या देशात आली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात. कुंपणाला छान, रंगीत फुलं, गुरं तोंड लावत नाहीत. आज देशातल्या जंगलांत तिने दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागा व्यापली आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बुलबुल फळं खातात आणि बी पेरत जातात. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी तिला जमिनीखाली मुळाच्या वरच्या भागात तोडून उलटी टाकायची पद्धत बसवली. ती चालते, पण एकेका झुडपाशी माणूस लागतो. दीड लाख चौरस किलोमीटरला किती माणसं लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जलपर्णीही फुलांच्या हौसेपायीच जगभर पसरली. पंचगंगा, इंद्रायणीकाठच्या लोकांना तिच्याबद्दल मी काही सांगायला नको.

कॉसमॉसवर मधमाश्या येतात, असाही बचाव ऐकू येतो. येतात, खरं आहे. घाणेरीवरही फुलपाखरं येतात. माशीला मकरंद मिळाल्याशी मतलब. मेक्सिकोचं फूल की साताऱ्याचं, हे तिने का बघावं? ते आपण बघायचं असतं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. घाणेरी वर्षानुवर्षं जगते, कॉसमॉस एका हंगामाचं. दरवर्षी नव्याने बियांतूनच यावं लागतं. म्हणजे फुलं आली की, बी पिकायच्या आत, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ते मुळासकट उपटलं तर त्या जागेचं पुढचं पीक कमी होतं. ओल्या मातीत हाताने निघतं, खुरपंही लागत नाही. जमिनीत पडून राहिलेलं जुनं बी आणखी काही वर्षं उगवत राहील, म्हणून एकदा उपटून भागत नाही. उपटलेले ढीग तिथेच टाकून येऊ नयेत, फुलातलं अर्धं कच्चं बी वाळता वाळता पिकू शकतं. हे काम शाळेच्या मुलांना जमतं. जून महिन्यात त्यांच्या हातून सीडबॉल फेकून घेण्यापेक्षा ऑक्टोबरात हे करून घ्यावं.

सीडबॉलचं नाव निघालंच आहे तर तेही बोलून घेतो. पावसाच्या तोंडावर डोंगरात जाऊन मातीचे गोळे भिरकावण्याची एक टूम निघाली आहे. हेतू चांगला, हौस दांडगी. त्या गोळ्यात काय आहे, हे फेकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. गुलमोहर असतो, सुबाभूळ असते, 'फुलांचं मिश्र बियाणं' म्हणून पुड्यात मिळणारं काहीही असतं. सह्याद्रीतल्या घसरलेल्या, वणव्याने जळालेल्या उतारावर तिथल्याच जांभळाचं, हिरड्याचं, शिवणीचं बी टाकलं तर एक वेळ समजू शकतो. सड्यावर काहीही टाकू नये. तिथे झाडं नाहीत म्हणजे कुणीतरी तोडली असं नाही. तिथे ती नव्हतीच. खड्डे पाडून तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हेही बाहेरून आणलेलं झाड) लावणं म्हणजे चांगल्या चालत्या घरात भिंत पाडून दार काढण्यासारखं आहे. गिरिपुष्पाने पुण्याच्या टेकड्यांचं काय केलं ते पुणेकरांना विचारा. हिरवं दिसतं, खाली मात्र गवताची विविधता उरत नाही.

कुणी म्हणेल, मग सड्याला कुंपण घाला आणि कुणालाच जाऊ देऊ नका. तेही इतकं सरळ नाही. कास पठाराला २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, गर्दी लोटली, कुंपण घातलं गेलं. पर्यटकांचे पाय थांबले, तशी गुरंही थांबली. मग गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड झाली, आणि पुढे ते कुंपण काढलं गेलं. आमच्याकडचे म्हातारे गुराखी हे आधीपासून सांगत होते. बेताची चराई या पठारांच्या अंगवळणी पडलेली आहे. गुरांनी गवत खाल्लं तर खालच्या बुटक्या फुलांना उजेड मिळतो. कॉसमॉसला मात्र गुरं फारशी शिवत नाहीत. चराई असलेल्या सड्यावरही ते वाढतं ते म्हणून.

आता माझ्या धंद्याबद्दल. नर्सरीवाल्यांनो, कॉसमॉसचं बी विकणं बंद करून आपण काही उपाशी मरणार नाही. डोंगरात बाग करायची म्हणून जे गिऱ्हाईक येतं, त्याला आपल्या डोंगरातलंच इतकं काही देता येतं की त्याचं अंगण पुरणार नाही. वेल हवा असेल तर मोरवेल आहे, कुसर आहे. कुसरीचा वास ज्याने एकदा घेतला त्याला विकतच्या परदेशी वेलांचं कौतुक राहत नाही. पावसाळी कंदांत कळलावी आहे, रानहळद आहे, चवर आहे. कळलावीचा कंद विषारी, हे मात्र गिऱ्हाइकाला न विसरता सांगावं, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. हिवाळ्यात दशमूळी निळी फुलते. झुडपांत धायटी, कुडा आणि निळी कोरांटी. झाड लावायला जागा असेल तर अंजन लावा. महाबळेश्वरच्या जंगलात ते भरपूर आहे, फुलतं तेव्हा फांद्यांना निळा रंग चोपडल्यासारखं दिसतं, आणि बंगलेवाले तेच तोडून सिल्व्हर ओक लावतात. ताम्हण तर राज्याचं फूल. त्याला ओल लागते, म्हणून ओढ्याकाठी, खालच्या अंगाला लावावं.

कारवीचं सांगायला हवं, कारण तिची मागणी वाढली आहे आणि ती नर्सरीत ठेवण्यात अर्थ नाही. सात वर्षं नुसती पानं, मग आठव्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी उतारच्या उतार जांभळा, मग बी धरून सगळी झुडपं मरतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली. टोपली कारवीची फेरी सात वर्षांची. ज्या उतारावर सातव्या वर्षी रस्ता रुंद करायला जेसीबी चढला, तिथलं सात वर्षांचं भांडवल बी न धरताच गेलं. कंत्राटदाराला कारवीचा हिशेब ठाऊक नसतो. तो ठेवणारं कुणीतरी गावात हवं. पूर्वी कारवीच्या काठ्यांचे कूड घालत, तेव्हा गावाला तिचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं.

बागेचं डोंगरात जाणं ही एक बाजू झाली. डोंगराचं बागेत येणंही तितकंच चालू आहे. शनिवार-रविवारी गाडीच्या डिकीत खुरपं घेऊन येणारी माणसं मी पाहतो. सीतेची वेणी फांदीसकट ओरबाडून नेतात. ते ऑर्किड झाडाच्या सालीला धरून कित्येक वर्षं वाढलेलं असतं. शहरातल्या गॅलरीत ते एखादा हंगाम दिसतं, मग जातं. कंदीलपुष्पांचे कंद उकरले जातात. या फुलांची रचना अशी की बारीक माश्या आत शिरतात, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे बाहेर पडू शकत नाहीत, आणि केस कोमेजले की परागांसह सुटतात. त्या माशीशिवाय गॅलरीत या वेलीचं काय होणार? गुराखी पोरं पूर्वीही हे कंद खणून खायची. पण पोरांच्या खाण्याने आणि छंदिष्टांच्या फावड्याने होणाऱ्या नुकसानीत फरक आहे. छंदिष्ट माणूस दुर्मीळ तेच शोधतो.

औषधी वनस्पतींचा प्रकार याहून वाईट. नरक्या नावाच्या झाडाच्या लाकडात कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं कॅम्पटोथेसिन असतं. हे बाहेर कळल्यावर महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूने त्याची चोरटी तोड किती झाली, हे जुन्या वनरक्षकांना विचारावं. बुंध्यापासून तोडतात, कारण लाकूडच हवं असतं.

म्हणून बागेत रानझाड नकोच, असं माझं म्हणणं नाही. कुठून आणलं, एवढंच मी विचारतो. शिंदळ माकुडीचं उदाहरण देतो. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर राहिलेली ही मांसल वनस्पती. मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव दिलं. कड्यावर ती संकटात आहे, पण फांदी खोचली की कुंडीत चटकन लागते. एका कुंडीतून दहा होतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांच्या आणि हिच्या बाबतीत हेच केलं. रोपं वाढवली, बागेत जपली, डोंगरात परत नेऊन लावली. त्यामुळे माझ्याकडची शिंदळ माकुडी मी बिनदिक्कत विकतो, कारण ती फांदीपासून केलेली आहे. कड्यावरून उपटून आणलेली कुणी विकायला आणली तर त्याला चहा देऊन परत पाठवतो. चहा यासाठी, की तो पुन्हा आला तर कुठून आणतो ते कळावं.

कायद्याचं म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी २००१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. बांधकाम, वृक्षतोड यांच्यावर निर्बंध आले. बांधकाम परवानगीच्या कागदांना एक पान आणखी जोडायला हरकत नसावी: आवारात ही झाडं लावू नका. कॉसमॉस, घाणेरीच्या शोभेच्या जाती, मेक्सिकन सूर्यफूल एवढी तीन नावं लिहिली तरी सुरुवात होईल. आणि सड्यावर बाहेरची माती आणायची नाही, हे ठळक अक्षरांत.

ग्रामपंचायतीकडे तर साधन आधीपासूनच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. मी पाहिलेल्या काही नोंदवह्या घाईत उरकलेल्या आहेत. एकीत तर गावातलं वड, पिंपळ, आंबा एवढंच होतं, आणि त्या गावाच्या डोक्यावर अख्खा सडा आहे. त्या नोंदवहीत सड्यावरच्या डबक्यांचा नकाशा, कारवी कोणत्या साली फुलली, कॉसमॉस पहिल्यांदा कोणत्या वळणावर दिसलं, एवढं लिहायला खर्च नाही. गुराख्यांना विचारलं तरी अर्धं काम होतं. वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही बघायला मागावी.

शेवटी, हे पत्र वाचून काही मंडळी माझ्याकडे येतील याची कल्पना आहे. वर सांगितलेली बरीचशी रोपं पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे असतात. अंजन वाढायला फार हळू, तेव्हा ज्यांना दोन वर्षांत सावली हवी त्यांनी ते मागू नये. सीतेची आसवं, गेंद आणि वायतुरा यांची रोपं मिळत नाहीत. कुंडीत येत नाहीत, मी करूनही देणार नाही. कृपया विचारू नये.

कळावे,
आपला,
एक रोपवाटिकाचालक
(मेढा-कास परिसर, जि. सातारा)